सार्वजनिक विहिरीपासून ३८० मीटरवर खासगी बोअर, तिथून रोज टँकर भरतात. उपसा कायद्याने कसा थांबवायचा?

माळरान:

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका गावाचा प्रश्न मांडतो. भूजल कायदा आणि टंचाईचं कामकाज माहीत असलेल्यांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

गावाची लोकसंख्या सुमारे १,८००. नळयोजनेची विहीर नाल्याकाठी आहे, व्यास ६ मीटर, खोली १४ मीटर. मार्चअखेर तिच्यात साडेतीन मीटर पाणी होतं, आता दीड मीटर उरलंय. विहिरीपासून साधारण ३८० मीटरवर एका खासगी शेतात जानेवारीत ४२५ फुटांचा बोअर घेतला गेला. जोडणी शेतीपंपाची आहे, पण पाणी पिकाला जात नाही. रोज दहा-बारा टँकर भरून बाहेर विकले जातात, प्रत्येक टँकर १०,००० लिटरचा.

ग्रामपंचायतीने ठराव करून तहसीलला दिला. तोंडी उत्तर मिळालं की बोअर खासगी मालमत्ता आहे, पंचायतीला काही करता येत नाही.

प्रश्न तीन: (१) खरंच काही करता येत नाही का? (२) पुरावा म्हणून काय जोडावं? (३) ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात टँकर अडवता येतील का?

---

कातळ:

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच गावं अडकतात. नाही, टँकर रस्त्यात अडवता येणार नाहीत. अडवलेत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि पाण्याचा विषय बाजूला पडून कायदा-सुव्यवस्थेचा विषय होईल. २०१६ साली लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हाच्या कलम १४४ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. ते कलम तुमच्यावर लागेल असं काही करू नका.

आता ‘खासगी मालमत्ता’. ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून आलेली आहे: आपल्या जमिनीखालचं पाणी काढून वापरायचा हक्क जमीनमालकाचा. पण महाराष्ट्रात हा हक्क अमर्याद राहिलेला नाही. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (म्हणजे स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत विनापरवाना नवी विहीर घ्यायला मनाई केली. टंचाई क्षेत्र जाहीर झाल्यावर १ किलोमीटरच्या आतल्या विहिरींचा उपसा नियंत्रित करायचा अधिकारही त्यात होता. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला आणि १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात ‘विहीर’ या शब्दात बोअरही येतो. ६० मीटरपेक्षा खोल ती ‘खोल विहीर’ असा वेगळा वर्ग आहे आणि त्यावर निर्बंध आहेत. सार्वजनिक उद्भवाभोवतीच्या प्रभाव क्षेत्राची तरतूदही आहे. तुमचा बोअर ३८० मीटरवर आणि जवळजवळ १३० मीटर खोल. म्हणजे अंतर आणि खोली, दोन्ही मुद्द्यांवर तो कायद्याच्या कक्षेत येतो.

मग ठराव का अडतो? कारण बहुतेक ठरावात ‘अमक्याच्या बोअरमुळे गावाचं पाणी आटलं, बंद करावा’ एवढंच वाक्य असतं. अशा वाक्यावर कोणताही अधिकारी सही करणार नाही, कारण आदेश अपिलात टिकला पाहिजे. त्याला चार गोष्टी लागतात: तुमचा उद्भव ‘सार्वजनिक’ असल्याची नोंद, दोन्हींमधलं अंतर, बोअर कधी घेतला त्याची तारीख, आणि एका उपशाचा दुसऱ्यावर परिणाम होतो याची मोजमापं.

उद्भवाची नोंद ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे योजनेच्या कागदपत्रांत सापडते. विहीर बक्षीसपत्राने किंवा नुसत्या संमतीने घेतलेल्या जागेत असेल आणि सातबारा अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालणार. आधी ते कागद काढा.

अंतर सरळ रेषेत मोजायचं, पाऊलवाटेने नाही. दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर घ्या, गाव नकाशावर दोन्ही गट नंबर दाखवा आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात तेच अंतर लिहून घ्या. ३८० च्या जागी ४२० निघालं तरी बिघडत नाही. ४९० निघालं तर मात्र मोबाईलवर विसंबू नका, मोजणी करून घ्या.

बोअरची तारीख सिद्ध करणं सगळ्यात जिकिरीचं. सातबाऱ्यावर बोअरची नोंद बऱ्याचदा नसतेच. बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या मालकाला २००९ च्या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे त्याच्याकडचं बिल किंवा नोंद तहसीलदारांमार्फत मागवता येते. त्यात खोली, केसिंगची (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपची) लांबी आणि तारीख, तिन्ही मिळतात. ते नाही मिळालं तर वीजजोडणीची किंवा भारवाढीची तारीख बघा.

मोजमापांबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण निकाल त्यांच्यावरच फिरतो.

रोज पहाटे, तुमचा पंप सुरू व्हायच्या आधी, एकाच खुणेपासून पाण्याची पातळी मोजा. खूण म्हणजे विहिरीच्या काठावर रंगाने केलेली रेघ. दर वेळी माणूस बदलला तरी खूण बदलता कामा नये. टेपला वजन लावून सोडा, सेंटीमीटरपर्यंत लिहा. शेजारी तीन रकाने ठेवा: तुमचा पंप किती तास चालला, समोरचा पंप किती वाजता सुरू-बंद झाला, किती टँकर भरले. आणि चौथा रकाना हवाच: याच पाणलोटातली, पण बोअरपासून किलोमीटरभर तरी लांब असलेली दुसरी एखादी विहीर. तिचीही पातळी रोज घ्या. उन्हाळ्यात सगळ्याच विहिरी उतरतात. तुमची विहीर त्या लांबच्या विहिरीपेक्षा झपाट्याने उतरते, हे दिसलं तरच बोअरकडे बोट दाखवता येतं. ही तुलना नसेल तर ‘उन्हाळाच आहे’ या एका वाक्यात तुमची वही निकाली निघते.

दोन-तीन आठवड्यांची अशी वही जोडून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे परस्पर-परिणाम चाचणीची मागणी करा. चाचणीत तुमचा पंप आणि बोअर दोन्ही काही काळ बंद ठेवून स्थिर पातळी घेतात, मग फक्त बोअर चालवतात आणि विहिरीची पातळी ठराविक मिनिटांनी नोंदवतात. इथे एक धोका आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत नुसत्या १० सेंटीमीटर पाण्यात २,८०० लिटर मावतं. एवढा मोठा साठा असल्यामुळे आणि ३८० मीटर अंतर असल्यामुळे सहा-आठ तासांच्या चाचणीत विहीर हललेली दिसणारही नाही, आणि अहवालात ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहून येईल. म्हणून चाचणी निदान ४८ ते ७२ तासांची मागा आणि रोजची वही पुरवणी पुरावा म्हणून विचारात घ्यावी असं अर्जातच लिहा.

दुसरी शक्यताही मोकळेपणाने मान्य करायला हवी. आपल्याकडे काळ्या कातळाचे थर एकावर एक आहेत. तुमची १४ मीटरची विहीर वरच्या मुरमातलं पाणी घेते. बोअर खालच्या थरांच्या सांध्यातलं घेत असेल आणि मध्ये जाड, बिनभेगांचा कातळ असेल, तर दोघांचा संबंध नसूही शकतो. पण बोअरला केसिंग फक्त वरच्या भुसभुशीत भागापुरती असेल आणि तिच्या बाहेरची पोकळी सिमेंटने बुजवलेली नसेल, तर वरच्या थरातलं पाणी त्याच पोकळीतून खाली बोअरमध्ये उतरतं. मग बोअर खोल असूनही तुमचंच पाणी खेचतो. बिलावर केसिंगची लांबी बघायला सांगितलं ते यासाठी.

अंदाज यावा म्हणून हिशेब. बारा टँकर म्हणजे रोज १ लाख २० हजार लिटर. तुमच्या गावाला माणशी ५५ लिटरने लागतात ९९,००० लिटर. म्हणजे पूर्ण गावाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी त्या एका बोअरमधून शिवाराबाहेर जातंय. साठ दिवसांत ७,२०० घनमीटर. मुरमाच्या थरातून सुटं होणारं पाणी आकारमानाच्या २ टक्के धरलं आणि उपसा ३०० मीटर त्रिज्येच्या क्षेत्रातून होतो असं मानलं, तर त्या सगळ्या क्षेत्राची पातळी सरासरी सव्वा मीटरने खाली जाते. हा ढोबळ हिशेब आहे, पुरावा नाही. पण भूवैज्ञानिकांशी बोलायला बसताना तो हाताशी असावा.

---

तालुका_टंचाई:

कातळ यांनी तांत्रिक बाजू नीट मांडली आहे. कार्यालयाची बाजू मी सांगतो.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा, प्रती प्रांताधिकारी, गटविकास अधिकारी आणि वरिष्ठ भूवैज्ञानिक यांना. चारही ठिकाणी आवक क्रमांक घ्या. तोंडी उत्तराला कागदावर काहीच अर्थ नसतो. ‘अमुक तारखेच्या ठरावावर झालेली कार्यवाही लेखी कळवावी’ असं पत्र आधी द्या.

अर्जातली मागणी एकच ठेवू नका. तीन पायऱ्या करा. पहिली मागणी: अंतिम निर्णय होईपर्यंत विक्रीसाठीचा उपसा थांबवावा. दुसरी: चाचणी घेऊन सार्वजनिक उद्भवाच्या संरक्षणाखाली उपसा बंद किंवा मर्यादित करावा. तिसरी: बोअर गावासाठी अधिग्रहित करावा. तिसरी मागणी गावं विसरतात, आणि खरं तर तीच सगळ्यात लवकर मंजूर होते.

खासगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित करणं ही टंचाईतल्या नेहमीच्या नऊ उपाययोजनांपैकी एक आहे. बाकीच्या आठ म्हणजे बुडक्या (नदी-नाल्याच्या पात्रातले छोटे खड्डे) घेणं, विहिरी खोल करणं व गाळ काढणं, टँकर किंवा बैलगाडी, अर्धवट राहिलेल्या नळयोजना पूर्ण करणं, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, नवीन विंधन विहिरी (बोअर), विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती आणि तात्पुरती पूरक योजना. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. तुमच्या गावाचं नाव एप्रिल ते जूनच्या आराखड्यात आहे का आणि कोणत्या उपाययोजनेखाली आहे, हे पंचायत समितीत आजच बघा. नाव नसेल तर पुरवणी आराखड्यासाठी ठराव लागेल. त्यात आठवडे जातात आणि हे आठवडे पावसाआधीचे असतात.

अधिग्रहण झालं की बोअरमालकाला आदेशातल्या दराने रोजचा मोबदला मिळतो आणि पाणी गावाकडे वळतं. बारा टँकर देणारा बोअर तुमच्या १,८०० लोकांना सहज पुरतो. ३८० मीटर पाइप टाकला की टँकरचा प्रश्नच येत नाही.

मालकाने आदेश धुडकावला तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्येही साधनं ताब्यात घ्यायचा अधिकार आहे (कलम ६५) आणि मोबदल्याची तरतूद आहे (कलम ६६). पण तो शेवटचा उपाय समजा.

आता उपसा-बंदीच्या आदेशाचं. आदेश निघतो पण अंमल होत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. कारणं ठरलेली. आदेश मालकावर बजावल्याची पोच नसते. गट नंबर चुकतो, किंवा गटात दोन बोअर असतात आणि आदेशात ‘बोअर’ एवढंच लिहिलेलं असतं. सील फक्त स्टार्टरच्या पेटीला लावतात, मग केबल थेट जोडून पंप चालतो. वीज तोडली तर सौर पंप किंवा जनरेटर लागतो. म्हणून पंचनाम्यात बोअरचे अक्षांश-रेखांश, पंपाचे एचपी, विजेचा स्रोत आणि ग्राहक क्रमांक लिहून घ्या. सील डिलिव्हरी पाइपच्या तोंडाशीही लावा. गावाच्या वतीने रोज कोण बघणार हे ग्रामसभेत ठरवून नाव इतिवृत्तात नोंदवा.

आणि एक रस्ता जो थेट भूजल कायद्यातला नाही, पण बऱ्याचदा जास्त वेगाने चालतो: वीज. शेतीपंपाच्या सवलतीच्या दराने घेतलेली वीज पाणी विकायला वापरणं हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. कोणत्या तारखेपासून चालू होता ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतची आकारणी होते, आणि ती लागू दराच्या दुप्पट. वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. सोबत टँकर भरतानाचे तारीख-वेळ असलेले फोटो आणि जोडणीचा ग्राहक क्रमांक. ‘पाणी चोरतात’ असं लिहू नका. ‘शेतीपंपाच्या जोडणीचा वाणिज्यिक वापर’ असे शब्द वापरा, कारण त्यांचा पंचनामा त्याच शब्दांवर होतो.

भूजल उपसून टँकरने घाऊक विक्री करणाऱ्याला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ना हरकत प्रमाणपत्र लागतं. शेतीच्या उपशाला त्यात सूट आहे, विक्रीला नाही. अर्जात ‘सदर प्रमाणपत्राची प्रत मागवावी’ हे एक वाक्य टाकून द्या.

---

डाळिंबबाग:

बोअरमालकांची बाजू इथे कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. विक्रीच्या टँकरला विरोध बरोबर आहे, मलाही तो पटतो. पण ‘५०० मीटरच्या आतले सगळे पंप बंद’ असा ठराव करू नका. त्याच परिघात फळबागा असतील. चार-पाच वर्षांची बाग एका उन्हाळ्यात गेली तर परत उभी करायला तेवढीच वर्षं लागतात. सरसकट बंदीला निम्मं गाव विरोध करतं आणि मग खरा उपसा करणारा त्या गर्दीत लपतो.

ठरावात वर्गवारी करा. विक्रीसाठी उपसा पूर्ण बंद. ऊस आणि उन्हाळी पिकांना बंद. फळबागेला फक्त ठिबकने, ठराविक तास, तेही पहाटे गावाचा पंप बंद असताना. तास कोणी मोजायचे? डीपीवरून (शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून) कोणत्या वेळी कोणाची वीज चालू हे शेजाऱ्यांना दिसतं, पण भांडण टाळायचं तर स्टार्टरला तास मोजणारं मीटर लावायची अट घाला. साधं असतं आणि पंपाच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ.

अधिग्रहणाबद्दल मालकांना सुचवतो: आदेशात सुरुवातीची तारीख, रोजचा दर आणि वीजबिल कोणी भरायचं हे स्पष्ट लिहून घ्या. मोबदला उशिरा येतो. रोज किती तास पंप चालला याची ग्रामसेवकाच्या सहीची नोंद नसेल तर देयक आणखी लांबतं. मालकाला वेळेवर पैसे मिळतात असं दिसलं तर पुढच्या वर्षी तो विकणाऱ्याऐवजी गावाकडे येतो. हे गावाच्याच हिताचं आहे.

हिवरे बाजारने ग्रामसभेतूनच सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि पावसाच्या मोजणीवर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. तिथे नियम पाळला जातो कारण तो सगळ्यांना सारखा आहे.

---

माळरान:

सगळ्यांचे आभार. अधिग्रहणाची मागणी आम्ही केलीच नव्हती, ती आता करतो.

मोजमापाचं एक विचारायचं आहे. रात्री ८ वाजता पंप बंद केला तर सकाळी ६ पर्यंत विहिरीची पातळी साधारण ६० सेंटीमीटर चढते. यावरून विहीर किती पाणी देते ते सांगता येईल का? आणि दरम्यान शासकीय टँकरचा प्रस्ताव द्यावा का?

---

कातळ:

सांगता येतं. तुमच्या विहिरीचं तळक्षेत्र २८.३ चौरस मीटर. ६० सेंटीमीटर चढ म्हणजे जवळपास १७,००० लिटर, दहा तासांत. तासाला १,७०० लिटर, दिवसाला अंदाजे ४०,००० लिटर. पातळी चढत जाते तसा झरा मंदावतो, त्यामुळे पंप चालू असताना आवक थोडी जास्तच असणार. पण नियोजनाला हाच आकडा धरा.

टँकरचा निकष माणशी २० लिटर. १,८०० लोकांना ३६,००० लिटर. म्हणजे आज विहीर किमान गरजेच्या किंचित वर आहे आणि टँकरचा प्रस्ताव संयुक्त पाहणीत फेटाळला जाण्याची शक्यता मोठी आहे. रात्रीचा चढ ५३ सेंटीमीटरच्या खाली आला की विहीर ३६,००० च्या खाली गेली. तो दिवस वहीत लाल पेनाने नोंदवा आणि त्याच आठवड्यात प्रस्ताव द्या. कागद मात्र आजच तयार ठेवा.

एक काळजी घ्या. चढ मोजताना सुरुवातीची पातळी रोज साधारण सारखी हवी. एके दिवशी तळाशी लागेपर्यंत उपसून आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर थांबून घेतलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आणि तळातला गाळ बघा. अर्धा मीटर गाळ असेल तर झऱ्यांची तोंडं बुजलेली असतात आणि बोअरवर फोडलेलं खापर निम्मं गाळाचं निघतं. गाळ काढणं आराखड्यात बसतं आणि ते काम आठ दिवसांत होतं.

---

फेरी_नोंद:

प्रस्ताव द्यायची वेळ आलीच तर हे बघा.

क्रम असा: ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. मंजुरीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे, टंचाई तीव्र असली की ते खाली प्रांतांकडे दिले जातात. ठरावात वाड्या-वस्त्या नावानिशी आणि लोकसंख्येसह लिहा. ‘गाव व वाड्या’ असं मोघम लिहिलं की मंजुरी फक्त गावठाणाची येते, आणि लांबची वस्ती उरते.

३६,००० लिटर म्हणजे १०,००० च्या टँकरच्या चार फेऱ्या. भरण्याचं ठिकाण किती लांब आहे आणि तिथला पंप किती वेळात टँकर भरतो, यावर चार फेऱ्या एका टँकरने होतात की दोन लागतात हे ठरतं. साठ मीटर खालून पाणी उचलणारा ५ एचपीचा पंप तासाला साधारण ११,००० लिटर देतो, म्हणजे एक टँकर भरायला पाऊण-एक तास. धरणाच्या काठावर मोठा पंप असेल तर दहा मिनिटांत भरतो. हा वेळ एकदा स्वतः घड्याळ लावून मोजून ठेवा. टँकरला जीपीएस सक्तीचं आहे आणि त्याच्या नोंदीत टँकर कुठे किती वेळ थांबला ते दिसतं. पाऊण तास लागणाऱ्या ठिकाणी सात मिनिटं थांबून ‘फेरी पूर्ण’ झालेली असेल, तर ती फेरी रिकामी होती.

टँकर पूर्ण भरला आहे का, हे झाकण उघडून बघायचं. टाकी आडवी आणि गोल किंवा लंबगोल असते, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज फसतो. वरून एक पंचमांश उंची रिकामी असेल तर पाणी १४ टक्के कमी असतं: १०,००० च्या टँकरमागे १,४०० लिटर, म्हणजे सत्तर माणसांचा दिवसाचा वाटा. एका काठीवर खुणा करून ती पंचायतीत ठेवा, प्रत्येक फेरीला बुडवून बघा आणि लॉगबुकमध्ये लिटर लिहा, नुसती ‘१ फेरी’ नको. लॉगबुकवर ग्रामसेवकाबरोबर पाणी समितीतल्या महिलांच्या सह्या त्या-त्या वेळी घ्या. महिनाअखेरीस एकाच पेनाने केलेल्या तीस सह्या तपासणीत लगेच ओळखू येतात.

पाणी कोरड्या विहिरीत ओतायचं टाळा. तळ मुरमाचा असेल तर बरंच पाणी जिरतं, उरलेलं गढूळ होतं, आणि काठावर दोर-बादल्या घेऊन गर्दी होते. त्या गर्दीत बायका आणि पोरी विहिरीत पडल्याच्या घटना दर दुष्काळात घडतात. प्रत्येक वस्तीवर ५,००० लिटरची प्लास्टिकची टाकी, चार नळ आणि खाली फरशी, एवढं केलं तरी पाणी आणि जीव दोन्ही वाचतात.

शुद्धीकरण: १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे टँकरला ५० ग्रॅम. हा हिशेब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरचा. उघड्या पोत्यातली, ओलसर पावडर निम्मी मेलेली असते. पावडर थेट टाकीत झोकू नका. बादलीत कालवा, निवळी वर येऊ द्या, निवळी टँकर भरताना मध्यावर ओता, चोथा फेकून द्या. मध्यावर ओतलं की पुढच्या पाण्याबरोबर आपोआप ढवळलं जातं. टाकीत उतरल्यावर अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पिवळ्या रंगावरून दाखवणारी) घ्या. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक क्लोरीन हवं. पिवळा रंग आलाच नाही तर पावडर बदला, मात्रा दुप्पट करत बसू नका.

---

तालुका_टंचाई:

एक राहिलं. अधिग्रहणाचा किंवा उपसा-बंदीचा आदेश मिळाला की त्यातली शेवटची तारीख बघा. ‘३० जूनपर्यंत’ असं असेल आणि पाऊस जुलैत लांबला, तर १ जुलैला पंप कायद्याने मोकळा होतो. मुदतवाढीचा अर्ज १५ जूनच्या आसपास, त्या आठवड्याच्या पातळीच्या नोंदी जोडून, आधीच देऊन ठेवा.